मापात न बसणारी

नोल्फा,
मी खेकडे धरतो. पुंता अरेनासहून बोटीनं दीड दिवस खाली,
जिथं पाणी काळं आणि बोटं बधिर.
पिंजरा वर आला की आधी पट्टी लावायची.
मापात न बसणारा परत समुद्रात.
वीस वर्षं हा हात न चुकता तेच करत आला.
म्हणून डॉक्टर वजन सांगत होते,
नऊशे चाळीस ग्रॅम,
तेव्हा मला पट्टीच दिसली.
आणि समुद्र.

हे मी ओरिएतालाही सांगितलेलं नाही.

तुम्हाला यातलं काय आठवत असेल, कुणास ठाऊक.
मला आठवतं,
काचपेटीची खिडकी उघडण्याआधी
तुम्ही धुतलेले हात एकमेकांवर चोळत उभ्या राहायचात,
ऊब येईपर्यंत.
मग विचारायचात, अगदी खरंखुरं विचारायचात :
"राणीसाहेब, येऊ का आत?"
आणि थांबायचात.
एक मिलिलिटर दूध नळीतून उतरेपर्यंत
सिरिंज उंच धरून अशा उभ्या,
जशी घाई नावाची गोष्ट
त्या इमारतीत कधी आलीच नव्हती.

माझे तळहात फोडांनी भरलेले, भेगांत मीठ मुरलेलं.
मी ते खिशात लपवायचो.
"दाखवा," म्हणालात.
सहा दिवस मलम लावलंत.
"वॉर्डातलं सगळ्यात मोठं बाळ," म्हणालात.
सातव्या दिवशी माझा हात धरून
तिच्या डोक्यावर टेकवलात.
"कुरवाळू नका. नुसता ठेवा.
कळू दे तिला बापाचं वजन."
पडद्यावरचे आकडे चढले, हेलकावले, शांत झाले.
मी नाही झालो.

मग ती रात्र.
शेजारच्या पेटीवर कार्ड होतं : मान्सिया यांची मुलगी.
नाव अजून ठरायचं होतं.
तुम्ही तिच्या नळ्या एकेक करून काढल्यात,
चिकटपट्टी ओली करून, हळू,
जणू आताही दुखेल.
तिला आईच्या मांडीवर दिलंत
आणि पडदा ओढून बाहेर उभ्या राहिलात, पाठ करून,
कुणी मध्ये येऊ नये म्हणून.
तासाभरानं आमच्याकडे आलात. चेहरा धुतलेला.
हात चोळलेत.
"राणीसाहेब, येऊ का आत?"
मी कान देऊन ऐकत होतो, आवाजाला कुठं चीर जाते का.
नाही गेली.

सकाळी वारा पिसाळलेला.
कोपऱ्यावर पालिकेनं दोर बांधले होते,
माणसं कोलमडू नयेत म्हणून.
तुम्ही त्या दोराला धरून उभ्या होतात, निळ्या कोटात.
पुढे जात नव्हतात. मागेही नाही.
मी रस्ता ओलांडून यायला हवं होतं.
नाही आलो.
ते देणं अजून माझ्याकडे आहे.

एक्याण्णव दिवसांनी आम्ही घरी निघालो तेव्हा
मी तुमच्यासाठी हंगामातला सगळ्यात मोठा खेकडा आणला,
बर्फात, पायांसकट.
तुम्ही हसत सुटलात. "अहो, खेकड्यानं मला
अंगभर गांधी उठतात!"
तो शेवटी झाडूवाल्या एलिसेओकाकांनी नेला.
म्हणजे मी तुम्हाला काहीच दिलेलं नाही.

काल किराणा दुकानात तुम्ही मला ओळखलं नाहीत.
ढकलगाडीत बसलेल्या यानिराकडे पाहिलंत,
तिच्या डाव्या कानाच्या मुडपलेल्या पाळीकडे,
आणि हातातले कांदे खाली ठेवलेत.
तळहात चोळलेत.
"येऊ का?"
तिनं, जी माझ्या सख्ख्या बहिणीकडे जात नाही,
दोन्ही हात पुढे केले.
मी दुकानदाराला कांद्याचा भाव विचारला.
पुन्हा विचारला.

परवा बोट निघते.
लहान खेकडे परतच टाकावे लागतात, नियम आहे,
आणि बरोबर आहे.
फक्त हल्ली मी ते भिरकावत नाही.
कठड्यावरून वाकतो,
हात पाण्यापर्यंत नेतो,
आणि सोडतो.